गोचीड तापाची गोळी दह्यात नको
ठाण्याच्या येऊर डोंगराच्या पायथ्याशी गवतात हुंदडून आमच्या कुत्र्याला, मोत्याला, पावसाळ्यात गोचीड ताप झाला. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, २८ दिवस. लाडोबा गोळी थुंकायचा, म्हणून आम्ही ती दह्यात लपवायचो. तिथेच चुकलं! दूध-दह्यातल्या कॅल्शियममुळे हे औषध अंगी कमी लागतं. आता उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात देतो, वर थोडं पाणी. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम होऊ शकते. चार दिवसांत शेपटी हलायला लागली तरी कोर्स अर्धवट सोडू नका. फिरून आल्यावर कानांत, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल-बिकेल लावत बसू नका.