स्पेलचेकर गप्प, तरी शब्द चुकीचा: सारख्या उच्चाराच्या इंग्रजी शब्दांवर लागू पडलेला उपाय

लक्षण: इंग्रजी मजकुरात लाल रेघ एकही नाही, पण ‘देअर’, ‘इट्स’, ‘युअर’ यांचं स्पेलिंग भलत्याच अर्थाचं पडलेलं. याद्या पाठ केल्या, उपयोग शून्य. मोठ्यानं वाचून पाहिलं, पण उच्चारच सारखा म्हटल्यावर कानाला काय कळणार! डोक्याला नुसता ताप.

शेवटी जमलं ते असं. आधी मजकूर पूर्ण लिहून घ्यायचा, मध्येच तपासायचं नाही. मग कंट्रोल-एफनं एकेक संशयित शब्द शोधायचा आणि तिथे दुसरा शब्द घालून वाक्य वाचायचं. ‘इट्स’च्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ बसलं तरच अपॉस्ट्रॉफी. (नामाला मालकी दाखवताना अपॉस्ट्रॉफी लागतो, म्हणून इथेही हात तिकडे वळतो, पण ‘हिज’ला कुठे असतो?) ‘देअर’च्या जागी ‘माय’ चाललं तर टी-एच-ई-आय-आर, ‘दे आर’ चाललं तर अपॉस्ट्रॉफीवालं, नाहीतर टी-एच-ई-आर-ई. ‘युअर’लाही ‘माय’ आणि ‘यू आर’ हीच कसोटी.

‘प्रॅक्टिस’ सगळ्यात चिवट. ब्रिटिश पद्धतीत नामाला सी, क्रियापदाला एस. तिथे ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘अ‍ॅडव्हाइझ’ घालून बघा. यांचे उच्चार वेगळे असल्यानं कान लगेच सांगतो. ‘अ‍ॅडव्हाइस’ बसलं की सी. अमेरिकन पद्धतीत दोन्हीकडे सीच, त्यामुळे कुठली पद्धत पाळायची ते आधी ठरवा.