दिनविशेष लिहिताना तारीख कशी तपासावी

दिनविशेषासाठी माहिती खूप मिळते, घोळ होतो तो तारखांचा. म्हणून आधी तक्ता आखा: दिवस, महिना, वर्ष, घटना, ठिकाण, कॅलेंडर, आधार. दिवस, महिना आणि वर्ष वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख कळत नाही, तो ती साधा मजकूर समजतो आणि क्रम लावताना सगळं विस्कटतं. ०८/१०सारखी नोंद मिळाली तर महिना कोणता हे मूळ ठिकाणी पाहूनच उतरवा. अमेरिकेत महिना आधी लिहितात.

खरी मेख कॅलेंडरच्या रकान्यात आहे. आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्ये जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या जागी आलं. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला, पण फक्त ते स्वीकारणाऱ्या देशांत. ब्रिटनने ते १७५२ मध्ये घेतलं, रशियाने १९१८ मध्ये. जुनी तारीख नवी करायची तर सतराव्या शतकासाठी १० दिवस मिळवा, अठराव्यासाठी ११, एकोणिसाव्यासाठी १२, विसाव्यासाठी १३. रशियाची 'ऑक्टोबर क्रांती' नोव्हेंबरच्या ७ तारखेला दिसते ती यामुळेच.

'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते उलगडून पाहा. गॅलिलिओचा मृत्यू इटलीत ८ जानेवारी १६४२ ला, नव्या कॅलेंडरने. न्यूटनचा जन्म इंग्लंडमध्ये २५ डिसेंबर १६४२ ला, जुन्या कॅलेंडरने. नव्याने तो ४ जानेवारी १६४३ होतो. दोघांना जुन्याच कॅलेंडरवर आणलं तर गॅलिलिओ २९ डिसेंबर १६४१ ला जातो. म्हणजे कोणतंही एक कॅलेंडर घ्या, वर्ष जुळत नाही! स्टीफन हॉकिंगचा जन्म मात्र ८ जानेवारी १९४२ चा, गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर ३०० वर्षांनी. हा योग बिनधास्त छापा. डार्विन आणि लिंकन यांचा १२ फेब्रुवारी १८०९ हा जन्मदिवसही तसाच पक्का.

अलीकडच्या घटनांना घड्याळ आडवं येतं. पर्ल हार्बरवरचा हल्ला हवाई बेटांवर ७ डिसेंबर १९४१ चा, पण जपानमध्ये तेव्हा ८ तारीख होती. घटना घडली तिथली स्थानिक तारीख धरा आणि सगळ्या यादीला तोच नियम लावा.

संगीतकार बीथोव्हेनच्या १७ डिसेंबर १७७० पुढे 'जन्म' लिहू नका. ती बाप्तिस्म्याची तारीख आहे, तसंच लिहा.

शेवटी शब्द पाहा. हयात माणसाचा वाढदिवस असतो, 'जयंती' दिवंगतांची. घाईत हाच शब्द चुकतो, आणि फोन यायला लागतात.