लांबच्या प्रवासाआधी टायर कसे तपासावेत : टायर फुटण्याची कारणे आणि आधी दिसणाऱ्या खुणा

नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. शहरात वर्षानुवर्षे विनातक्रार चाललेले टायर अशा रस्त्यावर अचानक दगा देतात, कारण शहरातल्या सिग्नलवर आणि गर्दीत टायरला निवायला वेळ मिळतो, तर येथे मोटार ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेपर्यंतच्या वेगाने तासन्‌तास धावत राहते. टायर फुटण्याचा क्षण अचानक येत असला तरी तो आतून कमकुवत होण्याची क्रिया बहुधा कित्येक आठवडे आधी सुरू झालेली असते आणि तिच्या खुणा निघण्यापूर्वी घरच्या घरी तपासता येतात.

प्रथम हवा तपासा, तीही टायर थंड असताना

टायर फुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे कमी हवा. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. या सततच्या वाकण्याने रबराच्या आत उष्णता साचते, धाग्यांचे थर आणि पोलादी पट्टे यांना धरून ठेवणारे रबर सैल पडते, थर एकमेकांपासून सुटतात आणि शेवटी टायर फाटतो. त्यात पाच माणसे आणि डिकीभर सामान असेल, तर हीच क्रिया आणखी वेगाने घडते.

म्हणूनच ‘उन्हाळ्यात टायर तापतात, तेव्हा हवा थोडी कमी ठेवावी’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला धोकादायक आहे. विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा तर तो मुळीच पाळू नये. धावताना टायरमधील दाब वाढतो हे खरे. ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दाबाचा टायर तासाभराच्या प्रवासानंतर ३७-३८ दाखवू शकतो, पण ही वाढ गृहीत धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो. त्यामुळे वाटेत पंपावर थांबून गरम टायरमधील हवा सोडू नये.

योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, इंधनाच्या झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी अनेकदा वेगळा, जास्त आकडा असतो. लांबच्या प्रवासाला तोच पाळावा. टायरच्या बाजूवर छापलेला दाब ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. गाडी किमान तीन तास उभी असताना मोजणे उत्तम, आणि त्यासाठी स्वतःचा छोटा गेज घेणे अगदी फायद्याचे आहे. नायट्रोजन भरला असला तरी मोजणे चुकत नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे वाटेत कमी पडल्यास साधी हवा भरायला हरकत नाही.

टायरवरून हात आणि नजर फिरवा

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पुढचे टायर नीट पाहावेत आणि शक्य असल्यास आतली बाजूही बॅटरीच्या उजेडात पाहावी, कारण झीज बहुधा तिथेच लपलेली असते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा सतत कमी राहिली आहे, मधला पट्टा झिजला असेल तर ती जास्त राहिली आहे, आणि एकच कड झिजली असेल तर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडले आहे असे समजावे. जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बरही तपासून घ्यावेत.

नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खोली कायद्याने ठरवलेल्या किमान १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बदलायलाच हवा. मुसळधार पावसात त्याच्या बऱ्याच आधीपासून टायर पाण्यावर तरंगू लागतो, म्हणून पावसाळ्यापूर्वी ३ मिलिमीटरची मर्यादा पाळणे मला शहाणपणाचे वाटते.

टायरच्या बाजूला आलेला फुगा मात्र एक दिवसही चालवून घेऊ नये. खड्ड्यात किंवा दुभाजकाच्या कडेवर चाक आदळले की आतले धागे तुटतात आणि त्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते. पावसाळ्यात बसलेला असा मार उन्हाळ्यातल्या महामार्गावर उघड होऊ शकतो. फुग्यावर दुरुस्ती नाही.

वय वाचा

बाजूवर कोरलेल्या सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांपुढे टायर वापरू नये, मग नक्षी कितीही चांगली दिसो. बारीक भेगांचे जाळे दिसले तर इतकीही वाट पाहू नये. स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे.

जुने पंक्चर आठवा

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला तरी हवा हळूहळू उतरते आणि चालकाच्या लक्षात येईपर्यंत गाडी बरेच अंतर कमी हवेवर धावलेली असते. बाहेरून रबरी वात घालून भोक बुजवता येते, पण आतले नुकसान दिसत नाही. टायर रिमवरून उतरवल्यावर आत काळी भुकटी सापडली, तर बाजू चिरडली गेली आहे आणि तो टायर पुन्हा वापरण्याजोगा उरलेला नाही. बाजूवरचे पंक्चर दुरुस्त करून महामार्गावर जाऊ नये. आठवड्याला एकाच टायरची हवा उतरत असेल, तर हवा भरायच्या नळीवर आणि रिमच्या कडेवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत.

गाडी चालवताना

ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, बिघडलेले असते. परंतु हादरे वाढत चालले, धपधप असा आवाज येऊ लागला किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, तर थर सुटत असण्याची शक्यता धरून वेग कमी करावा आणि सुरक्षित जागी थांबावे. डॅशबोर्डवरचा हवेचा इशारा दाब बराच उतरल्यावर लागतो, म्हणून तो लागला नाही यावर विसंबू नये.

तरीही टायर फुटलाच, तर ब्रेकवर जोरात पाय देऊ नये. पुढचा टायर फुटल्यास स्टिअरिंग त्या बाजूला ओढले जाते आणि मागचा फुटल्यास गाडीची शेपूट डोलते. दोन्ही वेळी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. मग इंडिकेटर देऊन डाव्या कडेला यावे, चारही दिवे लुकलुकते ठेवावेत आणि प्रवाशांना कठड्याच्या पलीकडे उभे करावे. चाक धावत्या वाहनांच्या बाजूचे असेल, तर स्वतः बदलायला न बसता महामार्गाच्या मदत पथकाला बोलवावे. अनेक गाड्यांची स्टेपनी मूळ टायरपेक्षा अरुंद असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. ती बसवल्यावर डाव्या मार्गिकेतून जाऊन पुढच्याच इंटरचेंजला बाहेर पडावे आणि टायर बदलून घ्यावा.