उपग्रहांच्या गुरुत्व-नोंदींतून जमिनीवरच्या वस्तुमानाचा बदल कसा काढावा

ग्रेस या गुरुत्व मोजणाऱ्या उपग्रह-जोडीचा नकाशा उतरवून घ्या, आपल्या खोऱ्यावरच्या चौकोनांची बेरीज करा, झालं काम! हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. नकाशातला चौकोन हे मोजमाप नाही. मोजलं जातं ते सुमारे 220 किमी अंतराने एकामागोमाग फिरणाऱ्या दोन उपग्रहांमधलं अंतर. वस्तुमान जास्त असलेल्या भागाकडे आधी पुढचा ओढला जातो, मग मागचा. अंतरातला हा मायक्रोमीटर पातळीचा फरक महिनाभर टिपला की गुरुत्वक्षेत्राचं एक चित्र तयार होतं. पहिली जोडी 2002 ते 2017 चालली. 2018 पासून ग्रेस फॉलो-ऑन आहे.

टेक्सास विद्यापीठ, नासाची जेपीएल प्रयोगशाळा किंवा जर्मनीतलं पॉट्सडॅम, कुठल्याही एका केंद्राचे मासिक गोलीय हार्मोनिक गुणांक (गुरुत्वक्षेत्र लहानमोठ्या लाटांच्या बेरजेने मांडणारे आकडे; लाट जितकी बारीक तितका तिचा घात मोठा) घ्या आणि 2004–2009ची सरासरी वजा करा.

सी-20 गुणांक (पृथ्वीचा चपटेपणा सांगणारा) लेझर-रेंजिंगवरून, म्हणजे जमिनीवरून उपग्रहांपर्यंत लेझरने मोजलेल्या अंतरांवरून, काढलेल्या किमतीने बदला. फॉलो-ऑनसाठी सी-30 सुद्धा. पहिल्या घाताचे गुणांक (पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राची हालचाल सांगणारे) या जोडीला दिसतच नाहीत, ते बाहेरून घालावे लागतात. हिमयुगातला बर्फ वितळल्यापासून जमीन अजून हळूहळू वर येते आहे, तो भाग मॉडेलने वजा करा.

आता खरी अवघड जागा. दोन्ही उपग्रह जवळपास उत्तर-दक्षिण दिशेतच मोजतात, म्हणून कच्च्या नकाशावर उभे पट्टे उमटतात. ते घालवायला नकाशा गुळगुळीत करणारा डीडीके किंवा 300 किमीचा गाउसियन फिल्टर लावावा लागतो. पण फिल्टर पट्ट्यांबरोबर खरा संकेतही पसरवतो. खोऱ्यातला काही भाग बाहेर जातो, शेजारचा आत येतो. यालाच गळती म्हणतात.

किनाऱ्यालगतच्या एका खोऱ्याची घट मी पहिल्यांदा काढली, तेव्हा ती फारच कमी आली. कित्येक आठवडे कोड तपासत बसले. चूक कोडमध्ये नव्हतीच. जमिनीवरची घट फिल्टरने समुद्रावर पसरली होती. तेव्हापासून मी आधी एक चाचणी करते. खोऱ्यात 1 आणि बाहेर 0 असा मुखवटा घ्या, त्याचे हार्मोनिक गुणांक काढा, मूळ गुणांकांइतक्याच घातापर्यंत छाटा, तोच फिल्टर लावा आणि आत सरासरी किती उरलं ते पाहा. 0.6 उरलं, तर साधारण 40 टक्के संकेत बाहेर गेला. मात्र 0.6ने भागून मोकळं होऊ नका: वस्तुमान खोऱ्यात सारखं पसरलेलं असेल आणि शेजारी काहीच बदललं नसेल, तरच तो भागाकार बरोबर. त्यापेक्षा वस्तुमानाच्या वाटपाचा अंदाज धरा, त्याला फिल्टर लावा, ग्रेसशी ताडा, अंदाज सुधारा, पुन्हा करा.

गळती भरून काढायला जलमॉडेलवरून काढलेले तयार गुणक ऋतुमानाच्या चढउतारापुरते ठीक. दीर्घकालीन कलाला ते लावू नका. उपसलेलं भूजल त्या मॉडेलांत बहुधा नसतंच. विहिरींच्या किंवा मॉडेलच्या आकड्यांशी तुलना करायची, तर त्यांनाही तोच फिल्टर लावा. आणि खोरं दोन लाख चौरस किमीपेक्षा लहान असेल, तर मी या पद्धतीला हात लावत नाही.

हा खटाटोप नको असेल तर मॅस्कॉन वापरा, म्हणजे पृथ्वीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा वस्तुमान-बदल थेट काढलेले तयार नकाशे; त्यांत गळती बरीच आवरलेली असते. पण जेपीएलचा अर्ध्या अंशाचा जाळीदार नकाशा पाहून फसू नका. मूळ तुकडे 3 अंशांचे आहेत. एका चौकोनावरून एका शहराचं भूजल सांगणं निव्वळ चूक आहे.

पाण्याच्या उंचीवरून वस्तुमानात रूपांतर सोपं: एक लाख चौरस किमीवर 1 सेंमी पाणी म्हणजे 1 घन किमी, म्हणजेच 1 गिगाटन.

कल काढताना वार्षिक आणि सहामाही लाटा त्याच समीकरणात ठेवा. जुलै 2017 ते मे 2018 हे महिने रिकामे आहेत, तिथे सरळ रेघ ओढून आकडे भरू नका. भूजल वेगळं काढायचं असेल तर मातीतला ओलावा, बर्फ आणि धरणातलं पाणीही वजा करा; त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नासाच्या ग्लडास या जमिनीवरच्या पाण्याच्या प्रणालीतल्या नोआ मॉडेलमध्ये धरणं धरलेली नाहीत. सुमात्राजवळ काम करत असाल, तर 2004च्या भूकंपाने गुरुत्वात अचानक पडलेली पायरी समीकरणात वेगळी घाला, नाहीतर ती पाण्याच्या खात्यात जमा होईल.