एक्स्टेन्शन नको, ब्राउझरचीच कडी लावा

कॉलेज रोडच्या कॅफेत किंवा नाशिकरोड स्टेशनवर फुकटचं वायफाय जोडताना एवढं एक काम आधी करून ठेवा: साइटशी एचटीटीपीएसवरच, म्हणजे वाटेत कुणाला वाचता न येणाऱ्या सुरक्षित जोडणीवरच, बोलायची ब्राउझरमधली सेटिंग चालू करा. त्यासाठी 'एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर' नावाचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका, असा सल्ला अजूनही फिरत असतो. तो आता शिळा झाला. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये आणलेलं ते एक्स्टेन्शन २०२३ च्या सुरुवातीलाच बंद झालं, कारण तीच सोय ब्राउझरमध्ये आली. त्याच नावाचं दुसरं काही दिसलं तर हात लावू नका. अशा एक्स्टेन्शनला आपण उघडलेली सगळी पानं वाचायची परवानगी द्यावी लागते.

फायरफॉक्समध्ये सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन 'एचटीटीपीएस-ओन्ली मोड' सगळ्या विंडोंसाठी चालू करा. क्रोममध्ये तिथेच सिक्युरिटीखाली 'ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स' आहे. साइट सुरक्षित जोडणी देत नसेल तर पान उघडण्याआधी इशारा येतो. नुसती बातमी वाचायची असेल तर पुढे जा, पण पासवर्ड किंवा कार्ड नंबर टाकायचा असेल तर तिथूनच मागे फिरा.

कधीकधी या सेटिंगमुळे वायफायचं लॉगिन पानच उघडत नाही. सेटिंग बंद करू नका. 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' उघडा, ती साइट मुद्दाम साध्या, असुरक्षित एचटीटीपीवर ठेवली आहे; इशारा आला तर तेवढ्यापुरती परवानगी द्या, लॉगिन पान समोर येतं.

आणि हो, खोटी बँकसुद्धा एचटीटीपीएसवर असू शकते. पत्ता अक्षर अन् अक्षर वाचाच.