सॅल्व्हेज टायटलचा ट्रक ठेवायचा की सोडायचा?

गेल्या आठवड्यात ओहायोतल्या कोलंबसहून भाच्याचा फोन आला. "मामा, सिग्नलला उभा होतो, मागून एकाने ठोकलं. टेलगेट आणि बंपर सोडून काही झालेलं दिसत नाही, तरी इन्शुरन्सवाले टोटल म्हणतायत. ठेवायचा असेल तर ठेव म्हणाले, पण टायटल सॅल्व्हेजचं होईल. ठेवू का?"

फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण हा विषय पंधरा मिनिटांत आटपण्यासारखा नाही. तीन वर्षांच्या आत आमच्या ओळखीतल्या चार घरांत हाच प्रश्न आला, आणि प्रत्येकाने तो दोन दिवसांत, घाबरलेल्या मनःस्थितीत सोडवला. मीही तसाच सोडवला होता. म्हणून हे सविस्तर लिहितो. (इथे ट्रक म्हणजे पिकअप, आपल्याकडचा दहाचाकी नव्हे. टोटल म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून इन्शुरन्स कंपनी गाडीची किंमतच देऊन टाकते. टायटल म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी कागद, आणि सॅल्व्हेज म्हणजे त्यावर बसणारा 'मोठं नुकसान झालेली गाडी' असा शिक्का.)

माझा ट्रक २०१८ चा फोर्ड एफ-१५०, एक लाख अठरा हजार मैल चाललेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, उजाडायच्या आत, यूएस-२३ वर ब्रायटनच्या अलीकडे हरीण आडवं आलं. मिशिगनमध्ये नोव्हेंबर हा हरणांच्या माजाचा महिना, ती रस्त्याचं भान ठेवत नाहीत. उजव्या कोपऱ्यावर आदळलं. एअरबॅग उघडल्या नाहीत, मला खरचटलंही नाही. बॉनेट, उजवा फेंडर, हेडलाइट, ग्रिल, बंपर, रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर एवढं गेलं. रेडिएटरच्या जाळीत हरणाचे केस अडकले होते ते मला अजून दिसतात. टो ट्रकवाला म्हणाला, "दोन आठवड्यांत रस्त्यावर येईल." सहा दिवसांनी अ‍ॅडजस्टरचा (इन्शुरन्सतर्फे नुकसान बघणाऱ्याचा) फोन आला: टोटल.

जाता जाता: हरीण धडकलं तर क्लेम कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (चोरी, गारपीट, जनावर अशा नुकसानीचं कव्हर) बसतो. हरणाला चुकवायला जाऊन झाडावर आदळलात तर तोच क्लेम कोलिजनमध्ये (टकरीचं कव्हर) जातो, आणि तिथे डिडक्टिबल (आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम) बहुधा जास्त असतं. हे माहीत असू द्या.

एवढ्याशा नुकसानीत टोटल कसा, हे आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टोटलचा आणि गाडी किती चेपली याचा थेट संबंध नाही. संबंध आहे दुरुस्तीचा अंदाज आणि अपघाताच्या आदल्या क्षणी गाडीची जी बाजारकिंमत होती, या दोन आकड्यांचा. एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमची आहे, खालची फ्रेम (सांगाडा) मात्र पोलादीच. मी भोसरीला प्रेस शॉपमध्ये सात वर्षं काढली आहेत, म्हणून हे कळतं: अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पोलादासारखा ठोकून पूर्वपदावर येत नाही, पॅनेल बहुधा बदलायलाच लागतं. त्याची हत्यारं वेगळी ठेवावी लागतात, नाहीतर पोलादाचे कण पत्र्यात रुतून बसतात आणि मिठाच्या पाण्यात तिथूनच गंज सुरू होतो. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ तर असतंच. त्यात ग्रिलमागचा रडार सेन्सर, त्याचं कॅलिब्रेशन, एलईडी हेडलाइट. अंदाज आला १८,७०० डॉलरचा.

टायटल कधी सॅल्व्हेज होतं, हे राज्यावर आहे. टेक्ससमध्ये दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या पलीकडे जावा लागतो. फ्लोरिडात ८० टक्के, न्यूयॉर्कमध्ये ७५, ओक्लाहोमात ६०. ओहायोत ठरलेली टक्केवारी नाही, दुरुस्ती परवडत नाही असं कंपनीने ठरवलं की झालं. मिशिगनमध्ये गेल्या काही वर्षांतल्या मॉडेलांना ७५ टक्क्यांची रेघ आहे. ९१ टक्के किंवा वर गेलं तर स्क्रॅप टायटल, म्हणजे तो ट्रक पुन्हा रस्त्यावर येत नाही, फक्त सुटे भाग. स्क्रॅप असेल तर पुढे वाचूच नका, चेक घ्या.

आता माझी चूक सांगतो. तुमची होऊ नये म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

कंपनीने माझ्या ट्रकची किंमत लावली २३,९०० डॉलर. सोबत अठरा पानांचा मूल्यांकनाचा अहवाल होता. तो मी वाचला, त्यात टो पॅकेज (ट्रेलर ओढायची सोय) धरलंच नव्हतं. फोन केला, फोटो पाठवले, किंमत २४,६०० झाली. सातशे डॉलर वाढले म्हणून मी खूश झालो आणि हो म्हणालो. घरी येऊन बायकोने कागदावर भागाकार केला. १८,७०० ला २४,६०० ने भागा: ७६ टक्के. किंमत २४,९३४ असती तर आकडा ७५ च्या खाली गेला असता. ३३४ डॉलर. कंपनीने तरीही टोटल म्हटलं असतं, पैसे तसेच दिले असते, पण टायटलवर शिक्का बसला नसता. ऑगस्टमध्येच चारही टायर नवे घातले होते, ८६० डॉलरची पावती ग्लोव्ह बॉक्समध्ये होती. त्याचे पुरेसे पैसे धरले असतेच असं नाही. पण मी मागितलेच नाहीत.

म्हणून पहिलं काम हेच. तोंडीसुद्धा "हो" म्हणायच्या आधी अहवाल मागून घ्या आणि शेजारी कॅल्क्युलेटर ठेवा. ट्रिम (मॉडेलचा नेमका प्रकार) बरोबर लिहिली आहे का, मैल बरोबर आहेत का, तुलनेला घेतलेल्या गाड्या खरोखर तुमच्यासारख्या आहेत का (माझ्या अहवालात एक टू-व्हील ड्राइव्ह होती, माझी फोर-व्हील), "सर्वसाधारण स्थिती" म्हणून किती कापले आहेत. टायर, बॅटरी, ब्रेक यांच्या पावत्या द्या. मग दुसऱ्या बाजूने दुरुस्तीचा अंदाज वाचा: प्रत्येक भाग गाडी बनवणाऱ्या कंपनीचा नवाच धरला आहे का, की चांगला वापरलेला भागही चालला असता? रेघेच्या आसपास असाल तर दोन्ही बाजूंनी थोडं सरकलं तरी पुरतं. नाहीच पटलं तर पॉलिसीत अप्रेझलचं कलम आहे का बघा. तुमचा एक मूल्यांकक, त्यांचा एक, दोघांचं जमलं नाही तर तिसरा. त्याला खर्च येतो, पण रेघेपासून पाचशे डॉलरवर असाल तर तो खर्च करा असं मी म्हणेन.

शिक्का टळत नसेल, तर दुसरा हिशोब. इथे बहुतेकजण फसतात. ट्रक ठेवून घेतला तर कंपनी सॅल्व्हेजची, म्हणजे मोडक्या ट्रकची, किंमत कापून उरलेले पैसे देते. माझं असं होतं: २४,६०० मधून डिडक्टिबलचे ५०० गेले, सॅल्व्हेजचे ७,१०० गेले, हातात १७,००० आले. माणसाला वाटतं, ट्रकही आपला आणि वर सतरा हजार. तसं नाही. तुम्ही स्वतःचाच मोडका ट्रक ७,१०० ला विकत घेतला आहे. त्यात दुरुस्ती मिळवा. मी जुन्या भागांच्या यार्डातून बॉनेट ६५० ला, फेंडर ३८० ला घेतला, रेडिएटर-कंडेन्सर नवे घेतले, रंगाचे २,४०० गेले, कॅलिब्रेशनचे ४५०. तपासणीची फी आणि कागदपत्रं धरून ९,३०० झाले. म्हणजे तो ट्रक मला १६,४०० ला पडला.

आता स्वतःला विचारा: एखादा अनोळखी माणूस हाच ट्रक, दुरुस्त केलेला, टायटलवर रिबिल्टचा (सॅल्व्हेज गाडी दुरुस्त होऊन तपासणीत पास झाल्याचा) शिक्का असलेला, १६,४०० ला विकत असता, तर मी घेतला असता का? माझ्या पाहण्यात अशा गाडीची किंमत शिक्का नसलेल्या गाडीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास पडते. म्हणजे विकायला काढला तर माझे पैसे जेमतेम निघाले असते, दगदग फुकट. पण मला विकायचाच नव्हता. मुलगी नववीत होती, ट्रक आणखी सहा-सात वर्षं चालवायचा होता, आणि तसाच दुसरा घ्यायचा तर वर सहा टक्के सेल्स टॅक्स लागला असता, साधारण दीड हजार डॉलर. म्हणून ठेवला. दोन-तीन वर्षांत गाडी बदलायची सवय असेल तर ठेवू नका.

सॅल्व्हेजची ती किंमतही दगडावरची रेघ नसते. ती लिलाववाल्यांच्या बोलीवरून येते. बोली लेखी मागा, दोन दिवस मागा. आणि या सगळ्या काळात ट्रक टोइंगच्या यार्डात पडला असेल तर रोजचं भाडं कोणावर चढतंय ते विचारा. कंपनीने देकार दिल्यानंतर ते बहुधा तुमच्यावर येतं. मी तिसऱ्या दिवशी घरच्या ड्राइव्हवेवर आणून ठेवला.

पैशाच्या आधी, खरं तर, फ्रेम. पैशाचं गणित कितीही सुंदर जमलं तरी फ्रेम वाकली असेल तर सोडून द्या. डोळ्याने कळत नाही. दार नीट लागतं, गाडी सरळ चालते, आणि पुढच्या वर्षी टायर एकाच बाजूने झिजायला लागतो. पुन्हा अपघात झाला तर जोर कुठे जिरायचा आणि कुठे नाही, हे त्या पोलादाच्या आकारावर ठरतं. तो आकार बिघडलेल्या गाडीत मी माझ्या मुलीला बसवणार नाही. फ्रेम बेंचवर मोजून छापील कागद देणारं दुकान शोधा. मला त्याचे १८० डॉलर पडले, आणि ते निर्णय कळवायच्या आधी दिले. माझ्या ट्रकची मापं फोर्डने दिलेल्या मर्यादेत निघाली, नसती तर त्याच संध्याकाळी चेक घेतला असता. पाण्यात बुडालेला ट्रकही घेऊ नका. वायरिंगमधलं पाणी वर्षभराने बोलतं.

कर्ज अजून चालू असेल तर निर्णय तुमचा एकट्याचा नाही. पैसे आधी बँकेला जातात, आणि बँक सॅल्व्हेज गाडीवर कर्ज ठेवायला सहसा तयार नसते. वॉरंटी शिल्लक असेल तर ती गेली असंच समजा. फोर्डच्या वॉरंटीच्या पुस्तकात सॅल्व्हेज, रिबिल्ट असा शिक्का बसलेल्या गाड्या स्पष्टपणे वगळल्या आहेत. सुरक्षेचे रिकॉल मात्र तरीही होतात, ते टाळू नका.

इन्शुरन्सचं आधीच विचारून ठेवा, नंतर नाही. माझ्या एजंटने पहिल्यांदा फक्त पीएलपीडी देऊ म्हणून सांगितलं, म्हणजे माझ्या ट्रकचं नुकसान झालं तर शून्य. तिसऱ्या कंपनीने दुरुस्तीचे फोटो बघून पूर्ण कव्हर दिलं. तरीही पुन्हा टोटल झाला तर किंमत रिबिल्टच्या हिशोबाने लावणार, हे त्यांनी लेखी सांगितलं. ते मला मान्य होतं.

ठेवलाच, तर पुढची वाट अशी. जुनं टायटल जातं, सॅल्व्हेजचं येतं, आणि तेवढ्या काळात ट्रक रस्त्यावर चालवता येत नाही. शेजारच्या दुकानापर्यंतही नाही. दुरुस्ती झाली की मिशिगनमध्ये खास प्रशिक्षण घेतलेला पोलिस अधिकारी येऊन बघतो. तो इंजिन सुरू करून कौतुक करत नाही, कागद मागतो: कुठला भाग कुठून आणला, कोणत्या गाडीतून काढला. चोरीचे भाग पकडणं हा तपासणीचा मोठा हेतू आहे. म्हणून यार्डातून बॉनेट घेताना पावतीवर ज्या गाडीचं ते आहे तिचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) लिहून घ्या. माझ्या हेडलाइटच्या पावतीवर काहीच तपशील नव्हता, तर त्या अधिकाऱ्याने मला परत यार्डात पाठवलं. ओहायोत हे काम स्टेट हायवे पेट्रोल करते. दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, पत्रा उघडा असतानाचे विशेषतः. पुढे कोणी विकत घेणारा आला, तर त्याला दाखवायला तुमच्याकडे तेवढंच असतं. आणि शिक्का लपेल या आशेवर राहू नका. राज्यं तो देशभराच्या टायटलच्या नोंदीत कळवतात, दुसऱ्या राज्यात जाऊन तो सहजासहजी धुतला जात नाही. विकताना सांगून विका.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं आणि आधी फ्रेम मोजायला लावली. त्याचा ट्रक टोयोटा टकोमा, २०२० चा. कागद काल आला: मागची फ्रेम डावीकडे १४ मिलिमीटर सरकलेली. त्याला वाईट वाटलं, स्वतःच्या पगारातून घेतलेली ती पहिली गाडी. मी म्हटलं, बाळा, चेक घे. आणि किल्ली देण्याआधी नंबर प्लेट काढ, काचेवरचा टोलचा ई-झेडपास काढ, व्हायझरवरचं गॅरेजचं रिमोट काढ, आणि स्क्रीनमध्ये साठलेला आपल्या घराचा पत्ता पुसून टाक.