अल्बुकर्कीत नव्याने आलात? आधी पाणी प्या, मग सामान सोडा

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीत उतरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे तहान लागायची वाट बघू नका, पाणी पीत राहा. नदीकाठ सोडला तर शहर साधारण १,६०० मीटर उंचीवर वसलंय. कळसूबाई १,६४६ मीटर. डोंगराच्या पायथ्याच्या इथल्या वस्त्या त्याहून उंच आहेत. हवा एवढी कोरडी की घाम येतो तोच वाळतो, आणि अंगातलं पाणी कमी झालंय हे डोकं दुखायला लागल्यावरच कळतं. आम्ही आलो त्या दुसऱ्याच आठवड्यात सकाळी मुलाच्या उशीवर रक्ताचे डाग दिसले आणि माझा जीव खाली-वर झाला. नाक आतून कोरडं पडून फुटलं होतं, एवढंच. मिठाच्या पाण्याचा फवारा औषधाच्या दुकानात मिळतो, तो आणून ठेवा. आंघोळ झाल्याबरोबर, अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा. ऊन इथे जानेवारीतही चावतं, कारण उंचीवर हवा विरळ असते. टोपी आणि सनस्क्रीन बारा महिने लागतात, सावळ्या कातडीलासुद्धा.

घर भाड्याने घेताना बेडरूम किती हे विचारण्याआधी ‘गारवा कशाचा?’ ते विचारा. बऱ्याच जुन्या घरांच्या छपरावर पाण्याचा कूलर असतो. मी अकोल्याची. वाळ्याच्या ताट्या, संध्याकाळी टाकीत सोडलेली बादलीभर पाण्याची धार, तो ओला वास, हे सगळं मागे सोडून आलोय असं वाटत होतं, आणि इथे पहिल्याच घरात कूलर निघाला! फक्त वाळ्याच्या जागी लाकडाच्या भुश्शासारख्या कातरणांच्या गाद्या. तत्त्व तेच, म्हणून सवयही तीच : कूलर चालू असताना ज्या खोलीत गारवा हवा तिथली खिडकी चार बोटं उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा बाहेर पडते. मे-जूनमध्ये तो एसीला मागे टाकतो. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळी ढग आले, हवेत ओल आली, की ढेपाळतो. वऱ्हाडातही पाऊस लागला की कूलरचं हेच होतं. ऑक्टोबरात टाकी आणि नळी रिकामी करायला विसरू नका. पहिल्या वर्षी आमच्या घरमालकांनी ते केलं नाही. डिसेंबरच्या एका रात्री नळीतलं पाणी गोठलं, नळी फुटली आणि छतातून धार लागली.

स्वयंपाकाची घडीही नव्याने बसवावी लागते. पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाणा दाणाच राहतो. कुकर लावा आणि नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त काढा. कणकेवर ओलं फडकं टाका, नाहीतर पाच मिनिटांत पापुद्रा धरते. पण हीच कोरडी हवा वाळवणांना सोन्यासारखी. जूनमध्ये मी कुरडया घालते. सकाळी साताला चादरीवर घातल्या की संध्याकाळपर्यंत खडखडीत. अकोल्यात आई दोन-दोन दिवस उन्हात राखण करायची. फोनवर मी एक कुरडई मोडून तिला आवाज ऐकवला, तेव्हा तिला पटलं.

राहायचं कुठे? रस्त्यांच्या पत्त्यात वायव्य, ईशान्य असं येतं, त्याने गोंधळू नका. सॅन्डिया डोंगर दिसला की ती पूर्व, हे एकदा मनात बसलं की इथे कुणी हरवत नाही. नदी शहराच्या मधून वाहते, रिओ ग्रान्डे. पलीकडे पश्चिमेला आणि शेजारच्या रिओ रँचो शहरात घरं नवी आणि तुलनेने स्वस्त, पण पूल मोजकेच, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ गाड्यांच्या रांगा. सॅन्डिया प्रयोगशाळा किंवा विद्यापीठात काम असेल तर नदीच्या अलीकडेच बघा. इंटेलमध्ये असेल तर रिओ रँचो सोयीचं. मला विचाराल तर नदीकाठचं नॉर्थ व्हॅली. तिथे कॉटनवुडची मोठी झाडं आहेत आणि स्पॅनिश काळापासूनचे पाट, त्यांना इथे ‘असेकिया’ म्हणतात. पाटाच्या पाण्याची पाळी कुणाची, हे ठरवणारा माणूस असतो. धुळे-साक्रीकडच्या फड पद्धतीबद्दल ऐकलेल्या माणसाला ते लगेच उमगेल.

शहरात वर्षाला जेमतेम २२-२३ सेंटिमीटर पाऊस पडतो. म्हणून हिरवळीचा हट्ट धरू नका. अंगणात खडी आणि कमी पाण्याची झाडं लावली तर पाणीपुरवठा खातं पैसे परत देतं, ती योजना बघून घ्या. तुळस कुंडीत ठेवा, दुपारी सावलीत आणि थंडीत घरात. पावसाळ्यात कधी ढगातून पावसाचे पडदे लोंबताना दिसतात आणि जमिनीला टेकायच्या आतच हवेत विरून जातात. ते दृश्य मी अजूनही गाडी कडेला घेऊन बघते. पण पडला तर धो-धो पडतो. काँक्रीटचे मोठे कोरडे नाले शहरभर आहेत, तिकडे मुलांना अजिबात खेळू देऊ नका. डोक्यावर ऊन असतानाही डोंगरात पडलेलं पाणी काही मिनिटांत तिथे पोचतं. दर वर्षी शाळांमधून हेच सांगितलं जातं, आणि ते उगाच नाही.

मार्च ते मे वाऱ्याचे दिवस. धूळ आणि ज्युनिपरच्या झाडांचे परागकण, दोन्ही त्रासाचे. याच काळात नवी मंडळी निराश होऊन ‘इथे नको’ म्हणतात. तेव्हा निर्णय घेऊ नका, ऑक्टोबर बघून घ्या.

दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. गाड्यांची चोरी आणि काचा फोडणं इथे फार आहे. स्टिअरिंगचं कुलूप घ्या, सीटवर दप्तर काय, फोनची वायरसुद्धा ठेवू नका. आणि विशेषज्ञ डॉक्टर कमी आहेत. माझ्या सांध्यांच्या दुखण्यासाठी मला पाच महिन्यांनंतरची तारीख मिळाली. म्हणून दुखत नसतानाच नेहमीच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवा, भारतातून येताना जुने रिपोर्ट आणि औषधांची वर्षभराची चिठ्ठी घेऊन या. म्हातारे आई-वडील येणार असतील तर हे पहिल्याच आठवड्यात करा.

सायकल मात्र जरूर घ्या. नदीकाठाने झाडीतून २५ किलोमीटरचा पक्का रस्ता आहे, सिग्नल एकही नाही. फक्त टायरमध्ये पंक्चर बुजवणारा द्रव भरून घ्या. पहिल्या फेरीतच माझी दोन्ही चाकं बसली. रस्त्याकडेला बसून काटे उपटायला लागले, एका चाकात अकरा. एक तळहातावर घेऊन बघितला : दोन शिंगं, मागे बारीक टोकं. हा तर सराटा! इथे त्याला बोकडाचं डोकं म्हणतात, पण झाड तेच, आमच्या शेताच्या बांधावरचं. परक्या देशात पहिली ओळख त्या काट्याने दिली.

ऑगस्ट संपता संपता दुकानांबाहेर जाळीचे मोठे पिंप गॅसच्या ज्वाळेवर फिरायला लागतात. त्यात हॅच गावाकडून आलेल्या हिरव्या मिरच्या भाजतात आणि तो वास सगळ्या चौकात पसरतो. एक पोतं घ्या, घरी सालं काढून पिशव्या भरून फ्रीझरमध्ये टाका, वर्षभर पुरतात. लसूण, मीठ, शेंगदाणे घालून खलबत्त्यात कुटल्या की ठेचा होतो, थोडा सौम्य आणि धुरकट. हॉटेलात मिरची ‘लाल की हिरवी?’ विचारतील, दोन्ही हवी असेल तर ‘ख्रिसमस’ म्हणा.

आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी साडेसहाला मुलांना उठवून अंगणात आणा. १९७२ साली गरम हवेच्या १३ फुग्यांनी सुरू झालेला इथला फुग्यांचा मेळा आता शेकडोंचा आहे. खालचा वारा दक्षिणेला आणि वरचा उत्तरेला वाहत असला की फुगे उंची बदलून पुन्हा निघाल्या जागी येतात. शहराच्या उत्तरेला राहत असाल तर एखादा तुमच्या छपरावरूनच जाईल. आधी ज्वाळेचा ‘हुऽऽश’ आवाज येतो, कुत्री भुंकतात, आणि वर बघितलं की टोपलीतली माणसं हात हलवत असतात. तुम्हीही हलवा.